उडी मारण्याआधीची दहा मिनिटं!

बुडणाऱ्याला वाचवायला धावणं ही हिंमत झाली. पण पाण्यात शिरण्याआधी लाइफगार्ड नेमकं काय बघतो? करमाड-शेंद्र्याच्या वीकएण्ड गँगसाठी समुद्र 'वाचण्याचा' क्रॅश कोर्स...

शुक्रवारी संध्याकाळी करमाडच्या चहाच्या टपऱ्यांवर एक चक्कर टाका. शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिकमधल्या शिफ्ट सुटलेल्या असतात, हातात चहाचे ग्लास असतात आणि विषय एकच... वीकएण्डला कुठे? पूर्वी उत्तरं ठरलेली होती. म्हैसमाळ, वेरूळ, फारच झालं तर लोणावळा. आता पटकन उत्तर येतं, कोकण! समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि जालना रोडवरच्या आपल्या मंडळींना समुद्र एकदम जवळचा वाटू लागला. अंतर तेच, साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. पण रात्री जेवून निघालं की सकाळचे पोहे बीचवर, हे गणित जमलं.

या ग्रुप्समध्ये पोहता येणारा एक तरी असतोच. मराठवाड्यातली आपण माणसं पोहायला शिकतो ती विहिरीत. पाठीला डबा बांधून, काका नाहीतर मामाने वरून ढकलल्यावर. त्यामुळे 'आपल्याला पोहता येतं' हे वाक्य फुल कॉन्फिडन्सने येतं. ग्रुपमध्ये कुणी गटांगळ्या खायला लागलं, तर पहिली उडी याच हीरोची. नेमकं इथेच सगळं बिघडतं.

पेपरातली बातमी आठवून बघा. 'एकाला वाचवायला दुसरा गेला, दोघंही बुडाले.' हे इतक्या वेळा आणि इतक्या देशांत घडतं की जलसुरक्षेच्या अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र नावच दिलंय. त्याचा साधा अर्थ, वाचवणाराच बळी. जीव वाचवायला धावणाऱ्याचा हेतू सोन्यासारखा असतो, त्याची ताकदही असते. त्याच्याकडे नसते ती माहिती. आपण कोणत्या पाण्यात उतरतोय याची!

घाटावरची माणसं, खाऱ्या पाण्यात

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या दोन तारखा विसरता येत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. दुसरी तारीख १५ एप्रिल २०१७. बेळगावच्या मराठा मंडळ इंजिनीअरिंग कॉलेजचा ग्रुप मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर होता. आठ जण गेले. महिने बघितलेत? फेब्रुवारी आणि एप्रिल. ना पावसाळा, ना वादळ. आणि दोन्ही ग्रुप घाटावरचे, म्हणजे आपल्यासारखेच.

विहिरीचं पाणी जागेवर असतं. काठ सगळीकडून दिसतो, चार हात मारले की पायरी. समुद्राचं पाणी सतत कुठेतरी निघालेलं असतं. किनाऱ्याकडे, किनाऱ्याला समांतर किंवा आत. ते कुठे निघालंय हे कळल्याशिवाय पोहण्याचा स्टॅमिना काही कामाचा नाही.

मग लाइफगार्ड हे कसं ओळखतात? या लेखासाठी मी त्यांच्या ट्रेनिंगमधला हाच भाग शोधून वाचला. त्यातली बरीचशी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी करायची आहे. ती आपल्यालाही जमते.

लाटा टोळीने येतात

पहिला धडा म्हणजे लाटा मोजायच्या. समुद्र एकाच तालात वाजत नाही. पाच-सात मोठ्या लाटांची टोळी येते, मग थोडा वेळ सामसूम, पुन्हा टोळी. नवखा माणूस नेमका सामसुमीत बीचवर पोचतो, 'आज समुद्र मस्त शांत आहे' म्हणतो आणि कमरेएवढ्या पाण्यात जातो. तेवढ्यात पुढची टोळी हजर! म्हणून निदान दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. सगळ्यात मोठी लाट केवढी, दोन टोळ्यांमध्ये किती वेळ जातो, हे घड्याळ लावून बघायचं.

दोन लाटांमधलं अंतर सेकंदात मोजा. पाच-सहा सेकंदांनी येणाऱ्या लाटा बहुतेक जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात. हेच अंतर बारा-पंधरा सेकंदांवर गेलं, तर त्या लाटा फार लांबून आल्यात, अगदी दक्षिण गोलार्धातल्या वादळांपासूनही. त्या लांबून बुटक्या दिसतात, पण उथळ पाण्यात आल्या की उंच होतात आणि पाणी खूप आतपर्यंत रेटतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि तरी समुद्र खवळलेला, याचं उत्तर बरेचदा इथे असतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उंच लाटांचे आणि लांबून येणाऱ्या अशा लाटांचे इशारे देते. निघण्याआधी हवामान बघतोच ना आपण? मग हेही बघायचं.

लाट फुटते कशी, हेही बोलकं असतं. सपाट बीचवर ती फेस सांडत हळूहळू फुटते. उतार जास्त असेल तर वळून धाडकन आपटते. ही आपटणारी लाट माणसाला डोक्यावर पालथं पाडते, मान आणि मणका जायबंदी करते. अशा ठिकाणी गुडघाभर पाणीसुद्धा सेफ नाही.

शांत पट्टा? तीच धोक्याची गल्ली

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत जाणार कुठून? ते सापडेल त्या खोलगट वाटेने समुद्रात परत जातं. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. आपण साधं 'ओढ' म्हणू.

ही ओढ कशी दिसते, हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग, म्हणून नीट वाचा. लाट उथळ पाण्यात फुटते. ढोबळ हिशेब असा की एक मीटर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते. म्हणजे जिथे पांढरा फेस, तिथे खाली वाळूचा बांध आणि पाणी उथळ. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात मात्र फुटत नाहीत, तर तिथे पाणी खोल आहे. तीच परतीची वाट! तो पट्टा जरा गडद दिसतो, कधी वाळूने गढूळ, त्यावर बारीक खळखळ असते आणि फेस, पानं, कचरा आत निघालेला दिसतो. वाळूत उभं राहून हे चटकन कळत नाही. बंधारा, पायऱ्या, वाळूची टेकाडं, जी उंच जागा मिळेल तिथे चढून बघायचं. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होते आणि रंगातला फरक उठून दिसतो.

म्हणजे बघा, फॅमिली कौतुकाने मुलांना 'इकडे या, इथे लाटा नाहीत' म्हणून बोलावते, ती जागा बरेचदा हीच असते.

ओढीचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्धा मीटर वगैरे असतो, पण जोराच्या वेळी तो दोन मीटरच्याही वर जातो. हौशी पोहणारा सेकंदाला एक मीटरसुद्धा धड कापत नाही. अशा वेळी थेट किनाऱ्याकडे तोंड करून पोहणं म्हणजे ट्रेडमिलवर धावणं! दम जातो आणि माणूस तिथेच. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो थकून आणि घाबरून.

तुम्हीच सापडलात तर? आधी पाठीवर तरंगा, श्वास सावरा, एक हात वर करून मदत मागा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फेसाळ लाटांकडे जा. त्या लाटा किनाऱ्याकडे ढकलतात.

गंमत म्हणजे लाइफगार्ड हीच ओढ एस्कलेटरसारखी वापरतो. बुडणारा ओढीत असेल, तर तोही तिच्यात शिरतो आणि कमी श्रमात त्याच्यापर्यंत पोचतो. पण त्याच्या हातात फ्लोट असतो, पायात फिन्स असू शकतात आणि मुख्य म्हणजे परत कोणत्या बाजूने यायचं हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. आपण नुसतीच वन-वे तिकिटं काढतो!

पंचांग काढा!

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांचा फंडा सोप्पा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी. हा अंदाज झाला. नेमकी वेळ त्या त्या ठिकाणच्या भरतीच्या तक्त्यात बघायची, तो मोबाइलवर मिळतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं. एका मजल्याहून जास्त!

याचा रेस्क्यूशी काय संबंध? बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या आसपास ओढ जोर धरते, कारण कमी झालेलं पाणी मोजक्या वाटांमधून पळतं. खाडीच्या तोंडाशी तर ओहोटीत अख्खी खाडी रिकामी होत असते. तिथे पोहून उलट येणं विसराच. आणि भरतीला, तासाभरापूर्वी चालत गेलेल्या खडकावर तुम्ही अडकू शकता.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नकोच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामागे माशांच्या विणीचं कारण आहे आणि खवळलेल्या समुद्राचंही. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते कोळी होड्या ओढून घरी बसतात, तेव्हा आपण लाटेत सेल्फी काढायला कशाला जायचं?

तळ, वारा आणि ती रंगीत ट्यूब

तळ दिसत नाही, पण तो बदलतो. काल होता तो वाळूचा बांध आज जागेवर असेलच असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या बाँडाय बीचवर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी हेच झालं. रविवारची गर्दी वाळूच्या बांधावर उभी होती. लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि परतणाऱ्या पाण्याने शेकडो माणसं बांधावरून खोल पाण्यात ओढली. सुमारे अडीचशे जणांना बाहेर काढावं लागलं. पाच जण गेले. आकडा पाचावरच थांबला, कारण त्या दिवशी सत्तर-ऐंशी लाइफसेव्हर बीचवर होते. त्यांच्याकडे दोर होते, रीळ होते आणि सराव होता.

वाऱ्याचा धडा आपण शाळेतच शिकलोय. खारे वारे आणि मतलई वारे! दुपारी वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, तर रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे. भल्या सकाळी हवा भरलेली रंगीत ट्यूब घेऊन पाण्यात गेलात, तर मतलई वारा ती आत नेतो. पाणी अगदी सपाट दिसतं आणि ट्यूब लांब लांब जात राहते. तिच्यामागे पोहत जाणारे अडकतात. ट्यूब शंभर-दोनशे रुपयांची असते हो, जाऊ द्या!

जायचं की नाही?

लाटा, ओढ, भरती, तळ, वारा. आणि मग माणूस. तो कुठे शेवटचा दिसला? किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ती जागा पक्की करायची, कारण पाण्यात शिरल्यावर ती सापडत नाही. किती जण आहेत? शुद्धीत आहेत का? बुडणारा माणूस बहुधा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, हात बाजूला दाबले जातात, आवाज फुटत नाही. आणि जवळ गेलात तर तो तुमच्या खांद्यावर चढतो. तो तुमचा जिगरी दोस्त असला तरी. म्हणून लाइफगार्ड स्वतः आणि बुडणारा यांच्यामध्ये फ्लोट ठेवतोच ठेवतो.

हे सगळं तो काही सेकंदांत ठरवतो. कसं? याचं उत्तर मला फार आवडलं. तो त्या सेकंदांत ठरवतच नाही! सकाळी ड्यूटीवर आल्यापासून तो पाणी बघत असतो. ओढ कुठे आहे, टोळी किती वेळाने येते, ओहोटी कधी लागणार, हे सगळं आरोळी ऐकू येण्याआधी त्याच्या डोक्यात तयार असतं. घटना घडल्यावर त्याला फक्त माणूस शोधायचा असतो. बघण्याचं काम आधी, धावण्याचं नंतर.

एमआयडीसीतल्या लोकांना हे नवीन वाटायला नको. टँकमध्ये कुणी बेशुद्ध पडला तर गॅस टेस्ट केल्याशिवाय, हार्नेस लावल्याशिवाय दुसऱ्याने आत उतरायचं नाही, हे सेफ्टी ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. का? पाठोपाठ उतरलेले दोघं-तिघंही आतच राहतात म्हणून. समुद्राचा नियमही डिट्टो तोच आहे. फक्त बीचवर परमिट देणारा सेफ्टी ऑफिसर नसतो.

पाण्यात न उतरताही

गोव्यात परिस्थिती बरी आहे. तिथे २००८ पासून 'दृष्टी' या कंपनीचे लाइफसेव्हर किनाऱ्यांवर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल झेंडा असेल तिथे अजिबात नाही. २०२३ मध्ये त्यांनी धोक्याच्या जागांवर नजर ठेवणारी 'ट्रायटन' ही एआय सिस्टीम आणि गस्त घालणारा 'ऑरस' रोबोही आणला. मुंबईच्या मोठ्या चौपाट्यांवर लाइफगार्ड असतात. कोकणातल्या 'अनटच्ड' बीचवर मात्र आपणच. आपल्याला हवा असतो तो एकांत धोक्याच्या वेळी महागात पडतो.

अशा ठिकाणी जगभर एकच क्रम शिकवतात. आधी किनाऱ्यावरून काठी, फांदी, ओढणी पुढे करा. ते पोचत नसेल तर तरंगणारं काही फेका. मग होडी. आणि पाण्यात उतरणं अगदी शेवटी, तेही ट्रेनिंग असेल आणि हातात फ्लोट असेल तरच. फेकायला काय? गाडीतच असतं सगळं. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा जार, थर्माकोलचा आइसबॉक्स, हवा भरलेली स्टेपनी. पाच लिटरचा रिकामा कॅनसुद्धा माणसाला तोंड पाण्याबाहेर ठेवायला मोठा आधार देतो. त्याला दोर बांधला की झालं.

एकाने फोन करायचा. ११२ सगळ्यांसाठी, १५५४ तटरक्षक दल, १०९३ सागरी पोलिस, १०८ अॅम्ब्युलन्स. दुसऱ्याने कोळीवाड्याकडे पळायचं, कारण सगळ्यात जवळची होडी तिथेच असते. तिसऱ्याने फक्त बोट दाखवत उभं राहायचं. बुडणाऱ्यावरून नजर हलवायची नाही!

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. बुडालेल्याला सगळ्यात आधी हवा लागते. तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, मग पुन्हा श्वास, असं मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही, हाताने शिकावं लागतं. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे फर्स्ट-एड कोर्स त्यासाठीच असतात. आणि लाइफगार्डिंगच शिकायचं असेल तर गोव्यातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्समध्ये त्याचे कोर्स होतात.

आणि आपलं शेततळं?

'आम्ही कुठे दर महिन्याला कोकणात जातो?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. करमाडच्या आसपास लाटा नाहीत, पण शेततळी आहेत. आत प्लॅस्टिकचा कागद, उतरते काठ आणि कागदावर शेवाळ. पडलेल्याला वर चढताच येत नाही आणि काढायला उतरलेल्यालाही नाही. मराठवाड्यात एकाच घरातले दोघं-तिघं एका शेततळ्यात गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. इथे ओढ नाही, भरती नाही. प्रश्न मात्र समुद्रावरचेच आहेत. पाणी कसं आहे? माझ्या हातात काय आहे? मी परत कसा येणार?

उपायही किती साधा! काठावर खुंटीला कायमचा बांधलेला एक लांब दोर, गाठी मारलेला. शेजारी ट्रकची एक जुनी ट्यूब, हवा भरून. घरात शेततळं असेल तर या रविवारी एवढं करून टाका. खर्च एका पिझ्झ्याइतकाही येत नाही.

चौकट : बीचवर पोचल्यावरची दहा मिनिटं

• कपडे बदलण्याआधी उंच जागेवर जा. दहा मिनिटं फक्त पाणी बघा.
• मोठ्या लाटांची टोळी किती वेळाने येते, ते घड्याळात मोजा.
• फेसाच्या मधला गडद, शांत पट्टा शोधा. सगळ्या ग्रुपला बोटाने दाखवा. तिथे कुणीही जायचं नाही.
• भरती-ओहोटीची वेळ आणि वाऱ्याची दिशा बघा. खाडीच्या तोंडापासून लांब राहा.
• गावातल्या माणसाला विचारा, 'इथे ओढ कुठे असते?' त्याने नको म्हटलं तर वाद घालू नका.
• दोर आणि रिकामा कॅन गाडीतून काढून वाळूवर ठेवा.
• एक जण कायम काठावर, फोन चार्ज केलेला. पाळी पाळीने.
• बिअर झाली असेल तर समुद्र फक्त बघायचा.